दिवाडचा फिर्यादी बिशप

अंबड (नाशिक), विशेष प्रतिनिधी

धर्मगुरूचे वर्तन चुकले, तर दाद कोणाकडे मागायची? ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच वरिष्ठाकडे ती द्यायची असेल आणि तो वरिष्ठही त्याच व्यवस्थेचा भाग असेल, तर न्याय मिळणार कसा? कॅथलिक चर्चमध्ये गेल्या काही दशकांत हा प्रश्न जगभर ऐरणीवर आला. आपल्याच भूमीतील एका माणसाने तो जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी थेट रोमच्या दरबारात मांडला होता. त्याचे नाव मातेउस द कास्त्रो. गोव्याजवळच्या दिवाड बेटावर जन्मलेला हा ब्राह्मणकुळातील ख्रिस्ती तरुण लॅटिन परंपरेतील पहिला भारतीय बिशप झाला. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र धर्मपीठ भूषविण्याऐवजी फिर्याद मांडण्यात गेला.

दिवाड ते डिचोली

मांडवीच्या पात्रातील दिवाड हे बेट मराठी वाचकाला एका वेगळ्या कारणासाठी ठाऊक असते. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याचे मूळ स्थान याच बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ उद्ध्वस्त केले. भक्तांनी देवाला नदीपलीकडे, आदिलशाही मुलखातील डिचोली परिसरातील नार्वे येथे नेले. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. विजनवासात गेलेल्या देवाचा हा मार्ग पुढे त्याच बेटावरील एका ख्रिस्ती धर्मगुरूलाही धरावा लागावा, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग आहे.

मातेउसचा जन्म १५९४ च्या सुमारास झाला. घराणे ब्राह्मण आणि धर्मांतरित. बारदेशातील रेइश मागुश येथील फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या विद्यालयात त्याचे शिक्षण झाले. लॅटिनची गोडी लागली आणि धर्मगुरू व्हावे, ही इच्छा मनात रुजली. त्या काळच्या गोव्यात ही इच्छा बाळगणे सोपे होते, ती पुरी होणे मात्र कठीण होते.

१६०६ मध्ये गोव्यात भरलेल्या प्रांतिक धर्मसभेने ब्राह्मण, प्रभू आणि तत्सम उच्च मानल्या गेलेल्या जातींतील तरुणांनाच गुरुदीक्षा द्यावी, असे ठरविले होते. याच सभेने स्थानिक भाषा न जाणणाऱ्या पाद्र्याकडे धर्मग्राम सोपवू नये, असाही दंडक घातला होता. कागदावर नियम होते. अंमलबजावणी मात्र ज्याच्या हाती सत्ता त्याच्या मर्जीवर चाले. १६१६ ते १६२२ या काळात गोव्याचे आर्चबिशप असलेल्या क्रिस्तोव्हांव द सा यांनी कोणाही स्थानिकाला दीक्षा देणार नाही, अशी शपथच घेतली होती, अशी नोंद आढळते. मातेउसला गोव्यात दार बंद झाले.

राजाचे पाद्री

हे दार बंद करण्याची ताकद एका आर्चबिशपाच्या हाती कशी आली, हे समजून घेण्यासाठी त्या काळची व्यवस्था पाहावी लागते. पोपच्या आज्ञापत्रांनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचे आश्रयदातेपण मिळाले होते. यालाच पाद्रोआदो म्हणत. बिशपांची नावे राजा सुचवी, पाद्र्यांचा खर्च राजाचा खजिना उचली आणि पूर्वेकडे जाणाऱ्या धर्मप्रचारकाने लिस्बनमार्गेच जावे, असा आग्रह असे. गोवा १५३४ मध्ये धर्मप्रांत आणि १५५७ मध्ये आर्चबिशपांचे पीठ झाले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून चीनपर्यंतच्या ख्रिस्ती समाजाचे ते केंद्र ठरले.

गोव्यातील धर्मग्राम धर्मसंघांनी वाटून घेतले होते. बारदेश फ्रान्सिस्कनांकडे, साष्टी जेझुइटांकडे. या संघांचे पाद्री आपापल्या संघप्रमुखाला बांधील असत. आपल्या ताब्यातील धर्मग्रामांची तपासणी आर्चबिशपाने करावी, हेही त्यांना मान्य नसे आणि त्यावरून वर्षानुवर्षे वाद चालत. पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्च आणि संघांकडे वळविले गेले होते. अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्यास कायद्याचे पाठबळ होते. १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायपीठही गोव्यात बसले होते. ते श्रद्धेतील चुका शोधी. पाद्र्याच्या लोभाची किंवा उद्दामपणाची तक्रार करण्यासाठी गावकऱ्याला विश्वासाची जागा नव्हती. पाद्र्याचा वरिष्ठ त्याच संघातला, आर्चबिशप राजाने सुचविलेला आणि राजा सात समुद्रापलीकडे. रोम तर त्याहून दूर.

या व्यवस्थेतही सारेच पाद्री एका माळेचे मणी नव्हते. साष्टीत राहून १६१६ मध्ये मराठीत ख्रिस्तपुराण सिद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स याच काळातले आणि जेझुइटच होते. लोकांची भाषा आत्मसात करणारा पाद्री कसा असतो, याचे ते उत्तम उदाहरण. पण असा पाद्री लाभणे हे गावाच्या नशिबावर अवलंबून होते. तो नसेल तर मागून घेण्याचा अधिकार गावाला नव्हता.

रोमचा रस्ता

मातेउसने १६२१ मध्ये गोवा सोडला. लिस्बनला जाणाऱ्या जहाजाऐवजी त्याने इराणमार्गे खुष्कीचा रस्ता धरला आणि १६२५ मध्ये तो रोमला पोचला. त्याचे नशीब एका बाबतीत बलवत्तर होते. रोमने १६२२ मध्ये धर्मप्रसाराचा कारभार पाहण्यासाठी प्रॉपगंडा फीदे हे मध्यवर्ती खाते स्थापन केले होते. राजेरजवाड्यांच्या हाती गेलेली मिशनची सूत्रे परत घ्यावीत, हा त्यामागचा हेतू होता. या खात्याचे पहिले सचिव फ्रान्चेस्को इंगोली हे कायद्याचे जाणकार आणि चिकाटीचे प्रशासक होते. दूरदूरच्या प्रदेशांतून येणारी पत्रे, निवेदने आणि साक्षी ते जमा करीत होते. धर्मसंघांची आपसांतली भांडणे, पाद्र्यांनी व्यापारात आणि राजकारणात घातलेले हात, स्थानिकांना दीक्षा देण्यास केलेली टाळाटाळ अशा गैरप्रकारांवर त्यांनी टिपणे तयार केली. गोव्याहून आलेला हा तरुण त्यांच्या दृष्टीने जिवंत पुरावाच होता.

इंगोलींच्या पाठबळावर मातेउसचे रोममध्ये शिक्षण झाले आणि १६३० च्या सुमारास त्याला गुरुदीक्षा मिळाली. गोव्यात ज्याला नाकारले, त्याला रोमने स्वीकारले होते. यानंतर पोप आठवे अर्बन यांनी १६३३ मध्ये एक महत्त्वाचे आज्ञापत्र काढून मिशनमधील पाद्र्यांना व्यापार करण्यास मनाई केली आणि लिस्बनखेरीज इतर मार्गांनीही पूर्वेकडे जाण्याची मुभा दिली. तक्रारींचा काही तरी परिणाम होत होता. ही मनाई १६६९ मध्ये पुन्हा जाहीर करावी लागली, यावरून तो परिणाम किती झाला असेल, याचाही अंदाज येतो.

त्याच १६३३ साली मातेउस गोव्यात परतला. तेथील अधिकाऱ्यांनी त्याच्याकडील रोमच्या कागदपत्रांवरच संशय घेतला आणि त्याला काम करू दिले नाही. रोमची मोहोर गोव्याच्या वेशीवर निरुपयोगी ठरली. तो पुन्हा रोमला गेला. या वेळी रोमने एक पाऊल पुढे टाकले. १६३७ मध्ये त्याला क्रायसोपोलिसचा बिशप म्हणून अभिषेक झाला. हे पद नाममात्र होते, कारण त्या नावाचा प्रत्यक्ष धर्मप्रांत उरलेलाच नव्हता. खरी नेमणूक होती ती इदलकान, म्हणजे विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी पोपचा थेट प्रतिनिधी म्हणून. या पदाला व्हिकार अपोस्टोलिक म्हणत. आदिलशाहीचा मुलूख पोर्तुगीज राजाच्या हद्दीबाहेर असल्याने पाद्रोआदोला बगल देण्याची ही युक्ती होती. दक्षिण कोकण आणि दक्षिण महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा याच राज्यात होता.

वेशीबाहेरचा बिशप

गोव्यात राहणे शक्यच नव्हते. नव्या बिशपाने पोर्तुगीज हद्दीलगत, आदिलशाहीतील डिचोली येथे आपले ठाणे मांडले. दिवाडच्या किनाऱ्यावरून पलीकडे दिसणाऱ्या त्या मुलखात तो पोर्तुगीज कायद्याच्या कक्षेबाहेर होता. तेथे त्याने गोव्यातील ब्राह्मण तरुणांना दीक्षा देण्याचा सपाटा लावला. नदी ओलांडून यायचे, पाद्री होऊन परत जायचे, असा प्रकार सुरू झाला. गोव्याचे आर्चबिशप फ्रान्सिस्कू दोश मार्तिरेश यांनी या दीक्षा मानण्यास नकार दिला. इथिओपियातून हद्दपार होऊन गोव्यात राहिलेले जेझुइट पॅट्रिआर्क अफोन्सो मेंदेश यांनी तर त्याच्या वर्णावरून हेटाळणी केल्याच्या नोंदी आहेत. एका बिशपाने दुसऱ्या बिशपाविषयी असे बोलावे, यातच त्या काळची मानसिकता उघडी पडते.

मातेउसने आपली निवेदने सोडली नाहीत. त्यांचा रोख तीन गोष्टींवर होता. संघांचे पाद्री लोकांची भाषा शिकत नाहीत, त्यामुळे प्रवचन आणि पापनिवेदन हे दोन्ही विधी पोकळ होतात, ही पहिली तक्रार. धर्मांतरासाठी जोरजबरदस्ती होते, ही दुसरी. शिकलेल्या स्थानिक पाद्र्यांना कायम दुय्यम पदावर ठेवून धर्मग्राम आणि त्यांचे उत्पन्न युरोपीय संघ आपल्याच हाती राखतात, ही तिसरी. कॅथलिक श्रद्धेतील एकही तत्त्व त्याने नाकारले नव्हते. तो शेवटपर्यंत रोमशी निष्ठावंत राहिला. त्याचा वाद श्रद्धा सांभाळणाऱ्या माणसांच्या वर्तनाशी होता.

१६४० च्या दशकात तो तिसऱ्यांदा रोमला गेला. त्याला इथिओपियाची कामगिरी सोपविण्यात आली, ती फसली. तो पुन्हा डिचोलीत परतला तेव्हा गोव्यातील परिस्थिती आणखी बिघडली होती. पोर्तुगालने १६४० मध्ये स्पेनपासून फारकत घेतली होती आणि रोमने त्या नव्या राजाला मान्यता दिली नव्हती. त्यामुळे नव्या बिशपांच्या नेमणुकाच खोळंबल्या. १६५२ मध्ये आर्चबिशप मार्तिरेश वारले आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ गोव्याच्या धर्मपीठावर आर्चबिशपच आले नाहीत. देखरेख आधीच दुबळी होती, आता देखरेख करणारे आसनच रिकामे झाले.

आरसा आणि आरोप

१६५३ मध्ये गोव्यातील पोर्तुगीज सरदारांनी आपल्याच व्हाइसरॉयला पदच्युत केले. त्याच वर्षी मातेउसने ब्राह्मणांचा आरसा या नावाने ओळखले जाणारे आवाहनपत्र लिहिले. गोव्यातील ब्राह्मणांनी आपली दुरवस्था या आरशात पाहावी आणि पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उभे राहावे, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी, १६५४ मध्ये, आदिलशाही फौज गोव्याच्या हद्दीत शिरली. या स्वारीमागे बिशपाची चिथावणी आहे, असा पोर्तुगीजांचा आरोप होता. डचांशीही त्याचे संधान असल्याचे बोलले जाऊ लागले. धर्मगुरूंच्या वर्तनाविरुद्धची फिर्याद आता राजद्रोहाच्या प्रकरणात बदलली. विरोधकांचे काम सोपे झाले. पाद्र्यांच्या गैरवर्तनावर उत्तर देण्याऐवजी फिर्यादीच्या निष्ठेवर बोट ठेवता येऊ लागले.

मातेउसची बाजूही निष्कलंक नव्हती, हे नमूद करायला हवे. पुरेशी तयारी नसलेल्यांना घाईने दीक्षा दिल्याचा आक्षेप त्याच्यावर होता. संतापाच्या भरात तो भडक आरोप करी. त्याहून महत्त्वाची मर्यादा म्हणजे त्याची समतेची मागणी आपल्या जातीच्या उंबरठ्यापाशी थांबत होती. गोऱ्या पाद्र्यांशी बरोबरी मागणारा हा बिशप खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या ख्रिस्ती बांधवांसाठी तेच दार उघडा, असे म्हणत नव्हता. त्याने आरसा धरला तो ब्राह्मणांसमोर. काळाराम मंदिराच्या दारात १९३० मध्ये झालेला सत्याग्रह ज्या नाशिकने पाहिला, त्या नाशिकच्या वाचकाला ही उणीव चटकन जाणवेल.

असे असले तरी फिर्यादी सदोष म्हणून फिर्याद खोटी ठरत नाही. रोमला हे कळत होते. परंतु आपला पाठीराखा इंगोली मातेउसने १६४९ मध्येच गमावला होता. पोर्तुगालशी संबंध आणखी ताणण्याची रोमची तयारी नव्हती. १६५८ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले. शिक्षा झाली नाही, पदही गेले नाही. प्रॉपगंडाच्या आश्रयाने, मानसन्मानाने तो रोममध्ये राहिला आणि १६७७ मध्ये तेथेच मरण पावला. मायभूमी त्याला पुन्हा दिसली नाही. त्रासदायक फिर्यादीला गप्प करण्याची ही सभ्य पद्धत होती, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. ज्यांच्याविरुद्ध त्याने आयुष्यभर लिहिले, ते धर्मसंघ गोव्यात आपल्या जागी कायम राहिले.

उशिरा आलेला निकाल

त्याच्या फिर्यादीतील मुद्दे मात्र एकेक करून खरे ठरत गेले. रोमने १६५९ मध्ये पूर्वेकडे पाठविलेल्या नव्या व्हिकार अपोस्टोलिकांना ज्या सूचना दिल्या, त्यांत युरोपातील चालीरीती लोकांवर लादू नका, राजकारणात पडू नका आणि स्थानिक पाद्री तयार करा, यावर भर होता. विजापूरच्या पदावर त्याच्यानंतर कुस्तोदियु द पिन्यु हे गोमंतकीयच आले. गोव्यात सतराव्या शतकाच्या अखेरीस गोमंतकीय ब्राह्मण पाद्र्यांचा स्वतंत्र संघ उभा राहिला. त्या संघाचे फादर जोजे वाझ यांनी डचांच्या अमलाखालील श्रीलंकेत छुपेपणाने ख्रिस्ती समाज जगविला. त्यांना पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये कोलंबोत संतपद दिले. स्थानिक पाद्री अपात्र असतात, या जुन्या आक्षेपाला यापेक्षा ठोस उत्तर कोणते असणार?

दुसरीकडे, बारदेशातील फ्रान्सिस्कनांनी भाषा शिकण्याऐवजी लोकांचीच भाषा बदलण्याचा घाट घातला. त्यांच्या आग्रहावरून १६८४ मध्ये कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम निघाला. त्यांच्या हातून बारदेशाचे धर्मग्राम निघून स्थानिक पाद्र्यांकडे जायला १७६६ साल उजाडावे लागले. स्थानिक पाद्र्यांना समान वागणूक देण्याची आज्ञा लिस्बनने १७७४ मध्ये काढली. तीही नीट पाळली गेली नाही. बढतीत डावलले गेलेल्या गोमंतकीय पाद्र्यांचा असंतोष १७८७ च्या पिंटोंच्या बंडात उफाळला आणि पुढच्या वर्षी पंधरा जणांना देहान्त शासन झाले. त्या कटातील एक प्रमुख पाद्री जोजे आंतोनियु गोन्साल्विश हेही दिवाडचेच होते. ज्या तक्रारीला दाद मिळत नाही, ती पुढच्या पिढीत बंड होऊन येते, हे दिवाड बेटाने दोनदा पाहिले.

प्रश्न आजचाही

आज चर्चपुढील प्रश्नांचे स्वरूप बदलले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिका, आयर्लंड आदी देशांत पाद्र्यांकडून मुलांचे झालेले लैंगिक शोषण आणि वरिष्ठांनी त्यावर घातलेले पांघरूण उघडकीस आले. तक्रार झालेल्या पाद्र्याची गुपचूप बदली करायची, ही त्यातील नेहमीची रीत होती. केरळमध्ये २०१८ मध्ये एका बिशपावर बलात्काराचा आरोप करणाऱ्या ननच्या सहकारी कोचीत रस्त्यावर बसल्या. चर्चमधील वरिष्ठांकडे आधी दाद मागूनही उपयोग झाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या खटल्यात न्यायालयाने २०२२ मध्ये बिशपांची निर्दोष मुक्तता केली. परंतु तक्रार ऐकण्याची चर्चची स्वतःची यंत्रणा कुठे आहे, हा त्या आंदोलनाने विचारलेला प्रश्न निकालाने मिटत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या विषयावर जगभरातील बिशप परिषदांच्या प्रमुखांना व्हॅटिकनमध्ये बोलावले. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस हे त्या बैठकीच्या आयोजकांपैकी एक होते. त्यानंतर मे महिन्यात निघालेल्या नियमांनी प्रत्येक धर्मप्रांताला तक्रार नोंदविण्याची व्यवस्था करणे बंधनकारक केले. खुद्द बिशपाविरुद्ध तक्रार असेल तर ती कोणाकडे जाईल, याचा मार्ग आखून दिला, थेट रोमला कळविण्याची वाटही मोकळी ठेवली आणि तक्रारदारावर गप्प राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. २०२३ मध्ये हे नियम कायम करण्यात आले. त्याशिवाय २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे भारतात प्रत्येकावर बंधनकारक आहे. चर्चही त्याला अपवाद नाही. मठ, आखाडे, मदरसे आणि देवस्थानांनाही तोच नियम लागू आहे.

नियम झाले म्हणजे वर्तन सुधारले असे नाही. स्थानिक भाषा न जाणणाऱ्या पाद्र्याला धर्मग्राम देऊ नये, हा १६०६ चा नियमही चांगलाच होता. तो पाळला जातो की नाही, हे तपासणारे कोणी नव्हते, म्हणून दिवाडच्या एका तरुणाला वाळवंटे तुडवीत रोम गाठावे लागले. त्याने आयुष्यात चार वेळा रोमची वाट धरली. आज तक्रारदाराला तेवढे चालावे लागत नाही. आपल्या धर्मप्रांतातील तक्रार केंद्र कुठे आहे, त्यावर कोण बसते आणि चर्चबाहेरची माणसे त्यात आहेत का, एवढे त्याला ठाऊक असायला हवे. मातेउस द कास्त्रोच्या निवेदनांचे कागद रोमच्या दफ्तरात जपले गेले, म्हणून त्याचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचले. त्याच्या गावच्या सामान्य भाविकांनी काय सोसले, याची मात्र नोंद कोणी ठेवली नाही.